खांदेवाल्यांचा हंगाम आणि माझी सही

शनिवारी सकाळी मी वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्या घोट्यांना चिकटपट्ट्या बांधते, असं पुण्याच्या मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण तू फिजिओथेरपिस्ट आहेस ना?" मावशीच्या लेखी फिजिओथेरपी म्हणजे गुडघे बदललेल्या आज्यांना चालायला लावणं, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. पुण्याच्या एका रुग्णालयात सतरा वर्षं मी तेच केलं. "आजी, वाका." "आजी, अजून थोडं." "आजी, खोटं बोलू नका, घरी व्यायाम केलेला दिसत नाहीये." आज्या खोटं बोलतात हे त्या सतरा वर्षांत मला पक्कं कळलं होतं. पोरंही बोलतात, आणि ती आज्यांपेक्षा हुशारीने बोलतात, हे कळायला मात्र नेदरलँड्समध्ये यावं लागलं. त्यात नुकसान माझं झालं नाही, दुसऱ्याचं झालं. म्हणून ते लिहायला बसले आहे.

माझा नवरा श्रीधर चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या नोकरीपायी आम्ही फेल्डहोवनला आलो. मुलगी ईशा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. माझी पदवी इथे लगेच चालणार नव्हती. आधी डच शिका, मग परीक्षा द्या, मग कागद पाठवा, मग आणखी कागद पाठवा. तीन वर्षं मी कोणाच्या पाठीला हात लावू शकले नाही. शेवटी नोंदणी झाली आणि घरापासून सायकलने दहा मिनिटांवरच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरी लागली. एकदा मालकीणबाईंनी बैठकीत विचारलं, जवळच्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शनिवारी कोण जाईल? सगळ्यांनी आपापल्या कॉफीत डोकावून पाहिलं. डच माणूस अशा प्रश्नाला आधी "किती तास, किती वाजेपर्यंत" असं विचारतो. मी पुण्याच्या सरकारी शिस्तीत वाढलेली. मोठ्या डॉक्टरांना "हो सर" म्हणायची सवय लागलेली. तोंडातून हो निघून गेलं.

हा खेळ काय असतो ते ईशाने मला जेवणाच्या टेबलावर मिठाची आणि तिखटाची डबी सरकवून समजावलं. दोन्हीकडे अकरा-अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि नावात काहीही असलं तरी पायाला क्वचितच लागतो. बाकी सगळा वेळ एकमेकांना अडवायचं आणि पाडायचं. मी म्हटलं, "म्हणजे चिलखत घातलेली कबड्डी."

"नो आई, इट्स नथिंग लाइक कबड्डी," ती म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते, आणि चिडली तर डचमध्ये.

आमचा संघ म्हणजे सगळी मिळून तेवीस पोरं. या खेळाला खरी तर याच्या दुप्पट लागतात, म्हणून आमचे निम्मे खेळाडू चढाईलाही तेच आणि बचावालाही तेच. खांद्यावर ती प्लास्टिकची ढाल चढवली की काटकुळा पोरगाही दारातून आडवा आत यायचा. श्रीधरने पहिल्याच सामन्याला त्यांचं "खांदेवाले" असं नाव ठेवलं आणि आमच्या घरात तेच पडलं. प्रशिक्षक विम एका शाळेत भूगोल शिकवायचा. साठीला आलेला, उंच, आणि मनात येईल ते तोंडावर सांगणारा. पोरं त्याला विम म्हणायची आणि मला विद्या. विद्याताई नाही, मॅडम नाही. माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा पोरगा "विद्या, माझा अंगठा बघ" म्हणून पाय पुढे करायचा, तेव्हा पहिले काही महिने मला हसावं की रागवावं कळायचं नाही.

माझं काम बाहेरून सोपं दिसतं. सामन्याआधी घोटे बांधायचे. पट्टी कुठून सुरू करायची, कुठे वळवायची, किती ताणायची, यात सगळं कसब. सैल झाली तर निरुपयोगी, घट्ट झाली तर पाय निळा. एका वेळी बारा-तेरा घोटे झाले की माझी स्वतःची बोटं दुखायची. सामना चालू असताना मात्र मी चेंडूकडे बघत नसे. सगळं मैदान चेंडूकडे बघतं, मी जो पडला त्याच्याकडे बघायची. तो कसा उठतो, आधी कुठला हात टेकतो, उठल्यावर कोणाकडे तोंड करतो. गुडघा दुखावला तर माणूस ओरडतो. डोकं दुखावलं तर बहुतेकदा ओरडत नाही. तो उठतो आणि सांगतो, मी बरा आहे.

त्यासाठी एक चाचणी असते. दहा शब्द वाचून दाखवायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं आणि तोल किती वेळा गेला ते मोजायचं. हंगाम सुरू व्हायच्या आधी, सगळे धडधाकट असताना, प्रत्येकाची चाचणी घेऊन कागद जपून ठेवायचा. पुढे डोक्याला मार लागला की तीच चाचणी परत घ्यायची आणि त्या पहिल्या कागदाशी ताडून बघायची. दुसऱ्या कोणाशी तुलना नाही, ज्याची त्याच्याशीच. पहिला कागद खरा असेल तर ही पद्धत चांगली आहे. मी आजही ती वापरते.

मग महामारी आली. धडका मारण्याचा खेळ आणि नियम दीड मीटर अंतराचा. पहिल्या वर्षी एकही सामना झाला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात विमने फर्मान काढलं, प्रत्येकाने घरून एक जुनी गादी आणायची. पोरं आपापल्या भाड्याच्या खोल्यांतून सायकलवर गाद्या बांधून आली. वारा असा होता की एकाची गादी सायकलसकट त्याला उलट्या दिशेने न्यायला लागली, आणि एकाची कालव्यात गेली ती गेलीच. खांबांना गाद्या बांधल्या, मध्ये दीड-दीड मीटर सोडले, आणि एकेक जण आपल्या गादीवर धावून जाऊ लागला. खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, नियम पाळले जातात का ते बघणारा माणूस सायकलवरून आला. पाच मिनिटं बघत उभा राहिला. मग विमला म्हणाला, "गाद्यांबद्दल माझ्याकडे काही लिहिलेलं नाही," आणि निघून गेला. त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोट धरून हसले.

त्यानंतरच्या वसंतात, हंगाम आता लवकरच सुरू होईल अशा आशेवर, मी सगळ्यांच्या पहिल्या चाचण्या घेतल्या. एकत्र जमायला परवानगी नव्हती, म्हणून व्हिडिओवर. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून दहा शब्द वाचायची, पलीकडे एकेक पोरगा आपल्या खोलीत बसलेला. एका पायावर उभं राहताना एकाने मागचं कपडे वाळत घालायचं स्टँड पाडलं.

त्यांत एक होता योरिस. एकवीस वर्षांचा, लालसर केसांचा, संघातला सगळ्यात चपळ पोरगा. लांबवर फेकलेला चेंडू धावता धावता झेलणं हे त्याचं काम. प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होता आणि पट्टी बांधून घेताना मला डच बालगीतं शिकवायचा. त्याला दहापैकी चारच शब्द आठवले. महिने उलटे म्हणताना तो दोनदा अडकला. मला आश्चर्य वाटलं. आणि मग मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करते. मी विचारलं, "माझं डच तुला नीट कळतंय ना? मी परत वाचू का?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "जरा अवघड जातंय, पण चालेल. राहू दे."

माझा चेहरा उतरला. दहा वर्षं झाली तरी आपले उच्चार अजून असेच, असं वाटून मला इतकी लाज वाटली की पुढे मी काही विचारलंच नाही. शिवाय त्या दिवसांत सगळीच पोरं मंदावल्यासारखी दिसत होती. वर्षभर खोलीत कोंडून घातल्यावर कोणाला महिने उलटे आठवणार? मी कागदावर "चार" लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या पोराला फोन लावला. हंगाम प्रत्यक्षात शरद ऋतूत सुरू झाला. तोवर समोर बसवून परत चाचणी घेता आली असती. कागद तयार होते, म्हणून घेतली नाही.

तर शेवटी हंगाम आला. चारच सामन्यांचा. तिसरा आर्नहेमला होता. उत्तरार्धात योरिसने एक चेंडू झेलला, बाजूने धडक बसली आणि तो पाठीवर पडला. डोकं जमिनीवर आपटलं. लगेच उठलाही. पण उठल्यावर तो क्षणभर समोरच्या संघाच्या घोळक्याकडे चालू लागला. मी मैदानात धावले.

"मी बरा आहे," तो म्हणाला.

"हो, पण तुझे मित्र तिकडे आहेत," मी म्हटलं आणि त्याला बाहेर आणलं.

विम आला. "परत जाऊ शकतो का?"

"आज नाही."

"त्याला विचारलंस?"

"त्याला विचारून काय उपयोग, विम? उत्तर त्याच डोक्यातून येणार ना."

विमने खांदे उडवले आणि दुसऱ्याला पाठवलं. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, हा नियम साधा आहे आणि तिथवर मी बरोबर होते. दुसऱ्या दिवशी योरिस घराजवळच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी विश्रांती सांगितली आणि मैदानावर कधी परतायचं ते टप्प्याटप्प्याने आमच्या देखरेखीखाली ठरवा म्हणाले. म्हणजे माझ्या.

टप्पे असे असतात. आधी नुसतं चालणं, मग स्थिर सायकल, मग पळणं, मग चेंडू घेऊन एकट्याने सराव, आणि सगळ्यात शेवटी धडक. दर टप्प्याला विचारायचं, डोकं दुखतं का, मळमळतं का, उजेडाचा त्रास होतो का. योरिस दर वेळी नाही म्हणायचा. पळण्याच्या दिवशी ऊन अगदी कोवळं होतं, उतरत्या दुपारचं. तरी तो डोळे बारीक करत होता आणि टोपी सारखी पुढे ओढत होता.

"उजेड टोचतोय का?" मी विचारलं.

"सूर्य समोर आहे, विद्या. तुझेही डोळे बारीक झालेत."

माझेही झाले होते, हे खरं. पण माझी टोपी मी ओढत नव्हते. हे मला तेव्हा दिसलं. आज लिहिताना सुचलेलं नाही, तेव्हाच दिसलं होतं. पुण्यात असते तर एवढ्यावरून आजींना सांगितलं असतं, उद्यापर्यंत पलंगावरच राहायचं, आणि आजींच्या मुलाने कितीही वाद घातला तरी ऐकलं नसतं. तिथे माझा हात आणि माझा डोळा हाच पुरावा होता. इथे आल्यापासून मी कागदाच्या आड उभी राहायला शिकले होते. विमसारख्या माणसाशी डचमध्ये वाद घालताना माझे शब्द अपुरे पडायचे आणि कागद कधी अडखळायचा नाही. "मला असं वाटतं" हे वाक्य मी कामाच्या जागी जवळजवळ विसरले होते.

मी त्याची चाचणी परत घेतली. दहापैकी पाच. पहिल्यापेक्षा एक जास्तच. महिन्यांत एकदा अडकला, पहिल्या वेळी दोनदा अडकला होता. कागदाप्रमाणे तो पूर्ववत झाला होता.

चौथा सामना आमच्या मैदानावर होता, आणि तो होतो की नाही याचीच शंका होती. रुग्ण वाढत होते, सगळं परत बंद होणार अशी कुणकुण होती. योरिसचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. दोन वर्षांत त्याच्या वाट्याला तीन सामने आले होते आणि त्यातल्या एकाचा निम्माच. गुरुवारी तो दवाखान्यात फॉर्म घेऊन आला. "हा खेळाडू धडकेच्या खेळासाठी तंदुरुस्त आहे" असं एक वाक्य आणि खाली सहीची रेघ. मी त्याच्याकडे बघितलं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. सही केली.

प्रेक्षकांना बंदी होती. पण मैदानाच्या कुंपणापलीकडे सायकलची वाट आहे, आणि वाटेवर उभं राहायला कोण बंदी घालणार? आई-बाप तिथे सायकली धरून, अंतर राखून उभे होते. कोणीतरी घरून शिडीही आणली होती. योरिसची आई मार्यान कुंपणाला टेकून हात हलवत होती. तिसऱ्या डावात योरिसने असा एक चेंडू झेलला की मीदेखील नियम मोडून चेंडूकडेच बघत राहिले. एका हाताने, पूर्ण ताणून. वाटेवरून सायकलच्या घंट्या वाजल्या, सगळ्यांच्या एकदम. मग त्याला एका पोराने पाडलं. अगदी साधं पाडणं, सरावात रोज होतं तसं. तो उठून बसला. हेल्मेट काढलं, बाजूला नीट ठेवलं आणि ओकला.

पुढच्या गोष्टीला वेग नाही. तो आईच्या घरी परतला आणि पडदे ओढलेल्या खोलीत राहू लागला. दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी, मग आठ आठवड्यांनीही त्याला एक पान वाचता येत नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्याकडे तर बघवतच नव्हतं. आणि तोवर कॉलेज बंद झालेलं, सगळे वर्ग पडद्यावर, सगळे मित्र पडद्यावर. बाकीच्या जगाला जी एक खिडकी उरली होती, ती त्याला बंद झाली. त्याचं ते सत्र गेलं. शाळेतली प्रशिक्षणाची जागा दुसऱ्या कोणाला गेली. मी दर आठवड्याला मार्यानला फोन करायची. ती म्हणायची, "तसंच आहे." मी फोन ठेवून तो पहिला कागद काढून बघायची. माझं गणित बरोबर येत होतं आणि पोरगा अंधारात पडला होता.

एका रविवारी मार्यानचा फोन आला. "योरिसला तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको म्हणतो. ये." घरी दोनच पाहुण्यांना परवानगी होती, मी एकटीच गेले.

तो खोलीत भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर टोपी. मी खाली गालिच्यावर बसले. तो हळू बोलत होता, शब्द जपून वापरल्यासारखा.

"ती पहिली चाचणी. मी मुद्दाम वाईट दिली होती."

मला कळलं नाही असं नाही. कळलं, पण मी म्हटलं, "म्हणजे?"

"सगळे देतात. सीनियर मुलं ग्रुपवर सांगतात. पहिली चाचणी झोपेतून उठल्यासारखी द्या, म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी आकडे जुळतात. मला दहापैकी नऊ शब्द येत होते, विद्या. चारच सांगितले."

 राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. अंधारात बसलेल्या पोरावर तर नाहीच.

"आणि तू डचबद्दल विचारलंस," तो म्हणाला, "तेव्हा मी अवघड जातंय म्हणालो. ते सगळ्यात वाईट होतं. तुझा एकेक शब्द मला स्वच्छ कळत होता."

मला रडू आलं. त्याला दिसलं की नाही माहीत नाही. मी त्याच्या पायावर हात ठेवला, घोट्यावर, जिथे मी दर शनिवारी पट्टी बांधायचे. मग खाली स्वयंपाकघरात आले.

मार्यानने कॉफी ओतली. तिला सगळं आधीच माहीत होतं. मी म्हटलं, "त्याने खोटं सांगितलं, पण मी ते ओळखायला हवं होतं." एवढं डच मला त्या दिवशी न अडखळता आलं.

ती म्हणाली, "मला एक विचारायचंय. त्याच्या जागी तुझी मुलगी असती, तर सही केली असतीस?"

इथली माणसं असं विचारतात. आपल्याकडे याच्याभोवती दोन तास चहा झाला असता. मी खोटं बोलू शकले असते, कागद बरोबर होते म्हणून. म्हटलं, "नाही. तिला टोपी ओढताना बघितलं असतं ना, तर मी कागद काढलाच नसता."

तिने कप खाली ठेवला. "मग तू ते बघितलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

तिने मला माफ केलं असं काही झालं नाही. तिने कप धुतले, मी पुसले, आणि तिने मला दारापर्यंत सोडलं.

मी विमला सांगितलं की मी काम सोडते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ग्रुपवरची ती गोष्ट मला माहीत नव्हती, आणि माहीत असायला हवी होती. मी पण सोडू का? मग पोरांकडे कोण बघणार? ती तर खेळणारच." मी दोन दिवस विचार केला. श्रीधर म्हणाला, "सोडलंस तर तुला बरं वाटेल. पोरांना त्याचा काय फायदा?" इतक्या वर्षांत खांदेवाल्यांविषयी त्याने चेष्टेशिवाय बोललेलं हे पहिलंच वाक्य.

निर्बंध उठल्यावर मी सगळ्यांच्या चाचण्या नव्याने घेतल्या. समोर बसवून, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. त्याआधी योरिसची परवानगी घेऊन त्याची सगळी हकिकत सांगितली. माझ्या सहीसकट. कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तीन पोरं आपण होऊन आली आणि म्हणाली, कालची चाचणी फाडून टाक, परत घे.

नव्या हंगामात आमचा एक सामना हार्लेमला होता. योरिस आमच्याबरोबर आला होता. तोवर तो अर्धा दिवस वाचू शकत होता, पण गोंगाट सोसत नसे, म्हणून कानांत बोळे घालून बाकाच्या टोकाला बसायचा. शेवटची दहा मिनिटं उरली होती, आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. आमचा डान नावाचा पोरगा, बचावातला सगळ्यात भरवशाचा, एकमेकांवर पडलेल्या पोरांच्या ढिगाऱ्याखालून उठला. सरळ आपल्याच माणसांकडे गेला, काही चुकलं नाही. पण हाक मारल्यावर त्याने माझ्याकडे बघायला जरा उशीर केला. किती उशीर? सांगता येणार नाही. मी त्याला बाहेर घेतलं. शब्द विचारले, नऊ आले. महिने उलटे धडाधड म्हटले. एका पायावर खांबासारखा उभा राहिला.

विम धावत आला. "कागद काय म्हणतो?"

"कागद म्हणतो बरा आहे."

"मग?"

"मला असं वाटतं की हा बरा नाही."

"तुला वाटतं?"

"हो. मला वाटतं."

विम डचमध्ये जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण त्याने डानला परत पाठवलं नाही. डान मात्र भडकला. योरिसकडे वळून म्हणाला, "तू तरी सांग हिला! मी एकदम ठणठणीत आहे!"

योरिसने कानातला एक बोळा काढला. "मीपण ठणठणीत होतो," तो म्हणाला.

 डानने हनुवटीखालचा पट्टा सोडून हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि तो योरिसच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या जागी पाठवलेल्या पोराच्या बाजूनेच शेवटच्या मिनिटात समोरच्यांनी चेंडू पुढे नेला आणि आम्ही हरलो. परतीच्या वाटेवर गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही.

चार दिवस मी डानला रोज तपासलं. त्याच्या डॉक्टरांनीही तपासलं. ना डोकेदुखी, ना मळमळ, ना उजेडाचा त्रास. शेवटी त्यानेच सांगितलं, ढिगाऱ्याखाली त्याच्या हातातला चेंडू निसटला होता, त्या रागात त्याला माझी हाक ऐकूच आली नव्हती. विमने मला फोन केला आणि त्याच्या पद्धतीने, नमस्कारबिमस्कार न करता म्हणाला, "डानला काहीही झालेलं नव्हतं, विद्या. तू चुकलीस."

"हो विम," मी म्हटलं, "चुकले." आणि इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी चूक कबूल केली नव्हती.